‘अज्ञात वाहन’ अज्ञात का राहते?

वऱ्हाडातील कोणतेही दैनिक उघडावे, आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी हमखास आढळते. अज्ञात वाहनाच्या धडकेत अमुक इसम ठार अथवा गंभीर जखमी. पोलिसांनी अज्ञात चालकाविरुद्ध गुन्हा नोंदविला. पुढील तपास चालू आहे. त्या पुढील तपासाची बातमी मात्र सहसा येत नाही. ‘अज्ञात’ हा शब्द या बातम्यांतून इतका रुळला आहे की, अज्ञात वाहन ही वाहनांची एक स्वतंत्र जातच असावी असे वाटू लागते. वस्तुतः रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक वाहनाला क्रमांक असतो, मालक असतो, आणि कायद्याने सक्तीचा केलेला विमा असावा लागतो. वाहन मुळात अज्ञात नसते. ते अज्ञात राहू दिले जाते. ते कोण राहू देते, त्यात कोणाचे पैसे वाचतात आणि कोणाचे घर बसते, हा प्रश्न रस्ता सुरक्षा सप्ताहातील फलकांपुरता नाही. तो श्रमजीवी माणसाच्या हक्काचा प्रश्न आहे.

एक जागा, तीन माणसे

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशी हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. अकोल्याहून पातूरमार्गे वाशिम, हिंगोली, नांदेड आणि पुढे तेलंगणातील संगारेड्डीकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग मेडशीवरून जातो. त्याच्या चौपदरीकरणाची कंत्राटे अकोला ते मेडशी आणि मेडशी ते वाशिम अशी निघाली, म्हणजे कंत्राटाच्या कागदावर हे गाव दोन टप्प्यांचा सांधा झाले. रस्ता रुंद झाला, वेग वाढला, परराज्यांतील मालमोटारींची वर्दळ वाढली. परंतु गाडी उभी करण्याच्या जागेचा विचार करावा, तर शहर आणि असे गाव यांतील अंतर लगेच डोळ्यांत भरते. शहरातील मॉलच्या वाहनतळाला फाटक असते, पावती असते, रखवालदार आणि कॅमेरा असतो. महामार्गावरच्या गावात वाहनतळ म्हणजे ढाब्यापुढचे अंगण, एस. टी. थांब्याजवळची मोकळी जागा, पेट्रोल पंपाचे आवार आणि बाजाराच्या दिवशी रस्त्याची कड. त्याच जागेत मोटार उभी असते आणि त्याच जागेत हातगाडी, भाजीची पाटी, सायकल आणि ऑटोची वाट पाहणारा शेतमजूरही असतो.

अशा जागेत दिवेलागणीला एक मालमोटार मागे घेतली गेली असे समजावे. तिने उभ्या मोटारीचा दरवाजा चेपला, शेजारची हातगाडी मोडली, बाजूला बसलेल्या मजुराचा पाय चाकाखाली आला, आणि चालक गाडी घेऊन महामार्गाला लागला. धडक एकच, जागा एकच, वेळ एकच. तरीही कायद्याच्या व्यवहारात या तिघांच्या वाट्याला तीन वेगवेगळी नशिबे येतात.

मोटारमालकाने सर्वंकष विमा उतरविला असेल, तर तो कंपनीला कळवितो, सर्वेक्षक येतो, दरवाजा दुरुस्त होतो. पुढच्या हप्त्यावरील सवलत बुडते, एवढाच त्याचा तोटा. हातगाडीवाल्याचे काय? वाहन सापडले नाही, तर या कायद्यात त्याच्यासाठी एक पैसाही नाही. पळून गेलेल्या वाहनांसंबंधीचे मोटार वाहन कायद्यातील १६१ वे कलम केवळ मृत्यू आणि गंभीर दुखापत यांनाच भरपाई देते. मोडलेल्या मालमत्तेचा त्यात समावेशच नाही. दुसऱ्याच्या मालकीचे चार चाकी साधन सुरक्षित आणि स्वतःच्या पोटापाण्याचे चार चाकी साधन असुरक्षित, असा हा न्याय आहे. तिसरा मजूर. हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापत असल्यामुळे त्याला ५० हजार रुपये मिळू शकतात. अर्थात कोणी त्याला तसे सांगितले, तर.

आता याच प्रसंगात कोणीतरी गाडीचा नंबर टिपून ठेवला आहे असे मानावे. हातगाडीवाला त्रयस्थ व्यक्तीच्या मालमत्तेचे नुकसान म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. मजुराला चालकाची चूक सिद्ध न करताही १६४ व्या कलमाखाली अडीच लाख रुपये मागता येतात, किंवा चूक दाखवून १६६ व्या कलमाखाली संपूर्ण नुकसान मागता येते. दुखापत तीच, पाय तोच. फरक केवळ एका क्रमांकाचा.

क्रमांकाची किंमत

या फरकाचा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक आहे. तीस वर्षांचा, महिना १० हजार रुपये कमावणारा आणि चार माणसांना पोसणारा एक मजूर अशा धडकेत मरण पावला असे धरू. वाहन ज्ञात असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या प्रकरणांत घालून दिलेल्या रीतीने हिशेब होतो. वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजार. भावी वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळविले की १ लाख ६८ हजार. मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा केला की १ लाख २६ हजार. तीस वर्षांच्या वयाला १७ चा गुणक. म्हणजे २१ लाख ४२ हजार रुपये, आणि अंत्यविधी वगैरेंच्या ठरीव रकमा निराळ्या. वाहन अज्ञात राहिले, तर त्याच विधवेच्या हाती २ लाख रुपये. फरक १९ लाख ४२ हजारांचा. मेडशीच्या अंगणात धुळीने माखलेल्या नंबर प्लेटची किंमत एवढी असते. गाडी सुसाट निघून जाते, तेव्हा चालकाबरोबर विमा कंपनीची जबाबदारीही निघून जाते, हे विसरता येत नाही.

अज्ञात वाहनाच्या बळीला काही द्यावे, ही कल्पना १९८२ च्या दुरुस्तीने जुन्या १९३९ च्या कायद्यात आली. मृत्यूस ५ हजार आणि गंभीर दुखापतीस १ हजार रुपये. १९८८ च्या नव्या कायद्यात त्याचे साडेआठ हजार आणि २ हजार झाले. १९९४ मध्ये २५ हजार आणि साडेबारा हजार. त्यानंतर ही रक्कम जागची हलली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने ती मृत्यूस २ लाख आणि गंभीर दुखापतीस ५० हजार केली, आणि ती प्रत्यक्षात लागू झाली १ एप्रिल २०२२ पासून. म्हणजे अठ्ठावीस वर्षे मजुराच्या मरणाचा भाव गोठवून ठेवला गेला होता. या काळात धान्याचे, औषधाचे आणि खुद्द मोटारविम्याच्या हप्त्याचे भाव कितीतरी पट चढले. महागाई भत्ता ज्यांना आहे त्यांचा भत्ता निर्देशांकाशी बांधलेला असतो. मृताच्या भरपाईला मात्र निर्देशांक नव्हता.

रक्कम वाढली, पण ती पोचते किती जणांपर्यंत? केंद्रीय मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या वर्षी देशात धडक देऊन पळून जाण्याच्या ६७,३८७ घटना घडल्या आणि त्यांत ३०,४८६ माणसे मेली. त्या वर्षीच्या एकूण १,६८,४९१ अपघाती मृत्यूंपैकी शंभरामागे अठरा मृत्यू या एका प्रकारातले. आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात नव्या योजनेखाली दावे किती आले? २०५. त्यांतील ९५ निकालात निघाले. हे आकडे कोणा विरोधकाने मांडलेले नाहीत. १२ जानेवारी २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयानेच त्यांची नोंद घेतली आहे. शंभर मृत्यूंमागे एक दावासुद्धा नाही. ही भरपाई सरकारी तिजोरीतील खिरापत नव्हे. विमा कंपन्यांच्या वर्गणीतून उभारलेल्या निधीतून ती द्यायची असते. निधी आहे, नियम आहेत, अर्जाचा नमुना आहे. नाही तो केवळ अर्जदार. कारण आपल्याला अर्ज करता येतो हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

प्रयत्नांची वर्गवारी

कायद्याची भाषा येथे बारकाईने वाचली पाहिजे. ‘वाजवी प्रयत्न करूनही’ ज्या वाहनाची ओळख पटत नाही, ते अज्ञात. म्हणजे ‘अज्ञात’ हे तपासाच्या शेवटी लिहावयाचे अक्षर आहे. प्रत्यक्षात ते प्रथम खबरीच्या पहिल्याच ओळीत लिहिले जाते आणि तेथेच तपासाचा उत्साह ओसरतो.

प्रयत्न केले तर काय होते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर–जबलपूर महामार्गावर देवलापारच्या परिसरात एका ट्रकच्या धडकेने दुचाकीवरील स्त्री मृत्युमुखी पडली. मदतीला कोणी थांबेना, म्हणून पतीने तिचा मृतदेह दुचाकीला बांधून नेला. ते दृश्य देशभर पाहिले गेले आणि समाजमन हादरले. त्या पतीला ट्रकवर लाल खुणा होत्या एवढेच आठवत होते. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोल नाक्यांवरील चित्रण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी तपासले, आणि काही दिवसांतच तो ट्रक शेकडो किलोमीटर दूर सापडला, चालकाला अटक झाली. मुंबईत वरळी येथे ७ जुलै २०२४ रोजी दुचाकीवरील स्त्रीला चिरडून पळालेल्या आलिशान गाडीचा चालकही लोकक्षोभामुळे दोनच दिवसांत पोलिसांच्या हाती लागला.

यावरून निष्कर्ष एकच निघतो. शासनयंत्रणेकडे क्षमता नाही असे नव्हे; ती क्षमता बातमीच्या आकारमानानुसार वापरली जाते. फेब्रुवारी २०२१ पासून टोल नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे; कोणते वाहन कोणत्या मिनिटाला नाका ओलांडून गेले याची नोंद टोल वसूल करणाऱ्यांकडे असते. पैसे वसूल करताना ज्याची ओळख मिनिटामिनिटाला पटते, ते वाहन माणूस चिरडल्यावर अज्ञात कसे होते? हा प्रश्न कार्यकर्त्यांनी प्रत्येक ठाण्यात विचारला पाहिजे.

चालक हाही कामगारच

तथापि, या प्रश्नाला चालक विरुद्ध जनता असे रूप देण्याचा मोह टाळला पाहिजे. मालमोटारीच्या चाकामागे बसलेला माणूस बहुधा पगारी किंवा फेरीवर राबणारा असतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. ती महामार्गावर किती पाळली गेली, हे प्रत्येक ढाब्याला ठाऊक आहे. नव्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात, अपघाती मृत्यू घडवून खबर न देता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. परिणामी १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली, तरी ते उपकलम तहकूब ठेवावे लागले. शिक्षा वाढविली की माणूस थांबेल, हा समज भाबडा आहे. चालक पळतो तो शिक्षेच्या हिशेबाने नव्हे, तर जमावाच्या भीतीने आणि मालकाच्या धाकाने.

मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाला हे वास्तव ठाऊक आहे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य चालकावर टाकताना, जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर सूटही त्याच कलमाने दिली आहे. परंतु चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात खबर देण्यापासून सुटका नाही. हे कर्तव्य केवळ माणूस जखमी झाल्यावरच नव्हे, दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तरी लागू होते. ते मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. चालक कोण होता ही माहिती देण्याचे बंधन १३३ व्या कलमाने मालकावर आहे. म्हणून बोट प्रथम मालकाकडे आणि विमा कंपनीकडे गेले पाहिजे.

यातून गावकऱ्यांसाठी एक व्यवहारी धडा निघतो. चालकाला मारहाण करणारा जमाव जखमीचेच नुकसान करतो. थांबू पाहणारा चालक मार दिसताच पळतो, आणि त्याच्याबरोबर जखमीच्या घरच्यांचे लाखो रुपये पळतात. जमाव आवरणे हे सौजन्याचे काम नव्हे. ते बळीच्या हिताचे काम आहे.

काय करावे

पहिल्या तासात जखमीकडे पाहावे. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवावेत. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाही आणि साक्षीदार होण्याची सक्तीही करू शकत नाही, हे संरक्षण २०१९ पासून १३४-अ या कलमाने दिले आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकड न भरता मिळावयाचे आहेत; अनामत रक्कम मागितली गेली, तर या योजनेचे नाव घ्यावे.

त्याच वेळी दुसऱ्याने नंबर, रंग, गाडीवरील अक्षरे आणि ती कोणत्या दिशेला गेली हे लिहून ठेवावे. पूर्ण नंबर दिसला नाही तरी वाशिमचा ३७ की अकोल्याचा ३०, की परराज्याचा, एवढे लक्षात ठेवले तरी तपासाचे क्षेत्र आकुंचित होते. धडकलेली मोटार किंवा हातगाडी हलविण्यापूर्वी मोबाईलवर छायाचित्रे काढावीत. फुटलेल्या दिव्याची काच, रंगाचे कपचे, चाकाच्या खुणा पंचनामा होईपर्यंत जपाव्यात. ढाबा, पेट्रोल पंप आणि दुकाने यांच्या कॅमेऱ्यांतील चित्रण काही दिवसांतच पुसले जाते. ते राखून ठेवावे अशी लेखी विनंती त्याच दिवशी मालकाला आणि पोलिसांना द्यावी.

‘ही खासगी जागा आहे, ढाब्याच्या आवारात घडले, येथे मोटार वाहन कायदा लागत नाही’ असे सांगून फिर्याद टाळली जाते. ते चूक आहे. जेथे जनतेला जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी जागा कायद्याने सार्वजनिक जागाच ठरते, आणि प्रवासी चढण्या-उतरण्याचा थांबा तर व्याख्येतच नावानिशी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८० च्या दशकातच असे ठरविले आहे की, खासगी मालकीची असूनही जेथे लोकांना मुक्त वा नियंत्रित प्रवेश आहे ती जागा या कायद्यापुरती सार्वजनिक होय.

फिर्याद मालेगावच्या पोलीस ठाण्यात द्यावी. हद्दीचा वाद निघाला तरी कोणत्याही ठाण्याला ती नोंदवून घ्यावी लागते. प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. नोंद नाकारली, तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी फिर्याद पाठवावी. गावच्या पोलीस पाटलालाही खबर द्यावी. मोटारमालकाने विमा कंपनीला ताबडतोब कळवावे आणि पाहणीपूर्वी दुरुस्तीला हात लावू नये.

महिनाभरात वाहन सापडले नाही, तर सर्वोच्च न्यायालयाच्या उपरोक्त निर्णयानुसार ठाण्याने जखमीला किंवा मृताच्या वारसांना भरपाई-योजनेची माहिती लेखी दिली पाहिजे. ती येण्याची वाट पाहत बसू नये. तालुक्याचा महसूल अधिकारी, म्हणजे तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी, हा चौकशी अधिकारी असतो. त्याच्याकडे ओळखपत्र, बँकेचे खाते, प्रथम खबरीची प्रत आणि दुखापतीचा वा शवविच्छेदनाचा अहवाल जोडून अर्ज करावा. मंजुरी जिल्हाधिकाऱ्याची असते. पुढे वाहन सापडले तरी मोठ्या दाव्याचा हक्क बुडत नाही. मिळालेली रक्कम त्यातून वळती होते एवढेच. मात्र १६६ व्या कलमाखालील दाव्याला २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा विलंब करू नये. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार ठोठावावे.

शाखांचे काम

ही यादी लांबलचक आहे, आणि पाय मोडून पडलेल्या माणसाला ती पार पाडता येणार नाही हे उघड आहे. येथेच संघटनेची गरज लागते. महामार्गावरील प्रत्येक गावी ही कार्यपद्धती जाणणारे किमान दोन कार्यकर्ते असले पाहिजेत. पोलीस ठाणे, तहसील आणि विधी सेवा प्राधिकरण यांचे पत्ते व दूरध्वनी थांब्यावर आणि ढाब्यावर मराठीत लावले पाहिजेत. गेल्या काही वर्षांत आपल्या परिसरात ‘अज्ञात वाहन’ म्हणून बंद झालेल्या प्रकरणांची घरे शोधून काढावीत, अर्ज झाले की नाहीत ते विचारावे आणि ते करून द्यावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जिल्ह्यात देखरेख समिती असावयाची आहे आणि तिची बैठक निदान दोन महिन्यांतून एकदा व्हावयाची आहे. ती झाली काय आणि वाशिम जिल्ह्यातून किती दावे गेले, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारावे.

मागण्याही स्पष्ट आहेत. भरपाईची रक्कम दरवर्षी वाढवावी. न्यायालयानेच केंद्राला याचा विचार करण्यास सांगितले आहे. हातगाडी, सायकल, बैल, शेळी अशा उपजीविकेच्या साधनांच्या नुकसानीचा १६१ व्या कलमात समावेश करावा. महामार्गाच्या कंत्राटात गावोगावी प्रकाशयोजना, कॅमेरे आणि वाहने उभी करण्याच्या स्वतंत्र जागा बंधनकारक कराव्यात. आणि टोलची नोंद तपासल्याशिवाय कोणतेही प्रकरण ‘अज्ञात’ म्हणून बंद करू नये. मृत्यू किंवा गंभीर दुखापतीच्या एकाही प्रकरणातील मेडशीचा माणूस अर्जाविना राहणार नाही, एवढे काम तेथील कार्यकर्ते या मागण्या मान्य होण्यापूर्वीही करू शकतात. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.